कोपरा फाटलेलं कार्ड

“ताई, कार्ड डब्यात टाकायच्या आधी त्याचे चारी कोपरे पाहून घेत जा.”

आमच्या दुसरबीडचे पोस्टमन कडूबाकाका यांनी मला असं बजावलं, तेव्हा मी हसले होते. पिहूच्या दप्तरात राहून माझ्या कार्डाचा एक कोपरा जरासा दुमडला होता, एवढंच. काकांनी तो अंगठ्यानं दाबून दाबून सरळ केला, इस्त्री केल्यासारखा.

“काका, आता कोण पाहतं हो कोपरे?”

“पाहणारे अजून हायेत,” ते म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

तशी मी घाबरटच. गॅसचं बटण बंद केलं तरी परत जाऊन पाहते. पिहू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास येतोय ना, ते बघते. शाळेची रिक्षा वळणाआड जाईपर्यंत फाटकातून हलत नाही. पण पोस्टकार्डाच्या कोपऱ्याची भीती? बी.कॉम. झालेल्या बाईला ती वाटायला लाजच वाटते. म्हणून मी ते बोलणं सोडून दिलं... आणि तिथंच सगळं घडलं.

पण आधी चिखलीचा तो पाऊस सांगायला हवा.

पिहू दीड वर्षाची असताना माझी फारकत झाली. तिला घेऊन मी माहेरी आले आणि बाबांच्या दुकानात बसू लागले. फाट्यावर आमचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे, ‘नारायणराव अँड कन्या’ अशी पाटी बाबांनी मुद्दाम रंगवून घेतली. पाच वर्षं अशीच गेली. त्या दिवशी पिहूचा खोकला दाखवायला चिखलीला गेले होते. डॉक्टर म्हणाले, “काही नाही झालेलं, तुम्हीच कमी घाबरा.” पोळा नुकताच होऊन गेला होता. बाहेर पडलो तर ऊनही आणि पाऊसही. पिहूला पदराखाली घेऊन मी समोरच्या रद्दीच्या दुकानात शिरले.

आत रद्दीचे गठ्ठे, पत्र्यावर पावसाचा ताशा, आणि एका उलट्या डब्यावर बसलेला एक माणूस. त्याच्या पुढ्यात तारेला ओवलेली जुनी पोस्टकार्डं होती. पूर्वी घराघरात खुंटीला टांगलेली असायची, तशी. एकेक कार्ड तो तारेतून इतकं जपून काढत होता, जणू जोर लागला तर त्याची मुळं तुटतील.

मी केस पुसते आहे तोवर पिहूनं ढिगातून एक कार्ड उचललं. कुण्या पोरानं शाईनं बैल काढला होता त्यावर, एक शिंग मोठं, एक लहान.

“ओ मॅडम,” तो माणूस मान वर करून म्हणाला, “ते माह्यं हाये बरं का.”

“नाव लिहिलंय का तुमचं त्याच्यावर?”

“नाव लिवलं हाये... पण इंद्रभानचं.” तो हसला. हसला की त्याच्या एका गालावर खळी पडत होती. मी लगेच पावसाकडे पाहिलं.

“लोकांची पत्रं जमवता तुम्ही?”

“हाव. लोक नाणे जमवतात, मी लोकाइचं बोलणं जमवतो.” मग पिहूकडे वळून, “काय वं, बैल आवडला का तुले?”

पिहूनं मान हलवली. माझी मुलगी अनोळखी माणसाला सहसा उत्तर देत नाही. मीच तसं शिकवलंय.

“आणि आत्ता कोणतं शोधताय?” मी विचारलं. पाऊस थांबत नव्हता, काहीतरी बोलायला हवं होतं... एवढंच.

“कोपरा फाटलेलं. सगळ्यात किमती कार्ड ते.”

“फाटलेलं किमती?” पिहूनं डोळे मोठे केले.

“एकदम किमती! माह्यापाशी फक्त दोन हायेत.”

पिहू परत बैलाकडे वळल्यावर तो माझ्याकडे जरा झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, “घरात कोणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून धाडत. हातात पडलं की माणूस समजून जाये. उंबऱ्याबाहेरच वाचाचं, तिथंच फाडाचं, अन् आंघोळ कराची. तसं कार्ड कोण जपून ठेवीन? म्हणून सापडत नाही. माही आई तर घरात आणू देत नाही, पंपाच्या खोलीत ठेवतो मी.”

“कशाला असलं अभद्र जमवायचं?”

“अभद्र कसं?” तो म्हणाला. “कोणाच्या जाण्याचं कोणाले तरी वाईट वाटलं, तेच लिवलं असते त्याच्यात.”

मी पिहूचा हात धरला. पाऊसही ओसरला. पण पिहू काही बैल सोडेना. “पिहू, ठेव ते!” म्हणत मी दामटलं, ओढलं, शेवटी डोळे वटारले.

“राहू द्या, मॅडम. पिहूबाई, ठेव तुह्यापाशी. पाहून झालं की पोस्टानं परत धाड. मी सागर. धामणगाव बढे, तालुका मोताळा. मिरची-टमाट्याच्या रोपाची नर्सरी हाये माही.” मग माझ्याकडे न बघता, “नंबर देऊ का?”

“नको. पत्ता पुरे.”

“पत्त्यावर भरोसा हाये, नंबरवर नाही?”

“पत्ता रात्री वाजत नाही,” मी म्हणाले.

तो इतक्या मोठ्यानं हसला की रद्दीवाला आतून डोकावला.

पिहूनं बैल आठवडाभर उशाशी ठेवला, मग मी तो एका कोऱ्या कार्डासोबत पाकिटात घालून परत पाठवला. कार्डावर पिहूच्या नावानं ‘आभारी आहे’ लिहिलं. त्याचं उत्तर आलं तेही पिहूच्याच नावानं. कडूबाकाकांची सवय अशी की कार्ड आलं की ते ओट्यावर उभं राहून वाचून दाखवायचे. पिहू पायरीवर बसून ऐकायची, आई मेथी निवडत ऐकायची आणि मी आत... म्हणजे दाराच्या अगदी जवळ आत.

“‘पिहूबाई, बैल पोचला. त्याले चारा टाकला,’” काका वाचत होते. “‘तुह्या आईचं अक्षर पाहून आमच्या पोस्टमननं मले विचारलं का हे छापलेलं हाये का. सांग तिले.’”

मी पिहूकडून लिहून घेतलं: ‘आई म्हणते, कौतुक पुरे. कार्डावर जागा कमी असते.’

“‘पिहूबाई,’” पुढच्या वेळी काकांचा आवाज जरा रंगलाच होता, “‘आईले सांग, जागा कमी असते म्हणूनच कामाचं आधी लिवतो.’”

आईनं मेथीची काडी मोडली आणि हसू दाबलं. बाबा म्हणाले, “हा पोरगा रोपं विकते का कार्डं?”

असं सुरू झालं ते. तो मला कधी जुनी चित्रांची कार्डं पाठवायचा, घाटांची, पुलांची, कुठल्याशा जत्रेची. पाठीवर पिहूसाठी चार ओळी. मी उलट उत्तर धाडायची, तेही पिहूच्या तोंडून. ‘आई म्हणते, थंडीत रोपांना काय पांघरता?’ ‘सांग आईले, रोपाले जाळी, अन् मले कोणी विचारलंच नाही.’ उघड्या कार्डावर, पोस्टातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! मला लाज वाटायची आणि तरी कडूबाकाकांच्या सायकलची घंटी ऐकली की हातातलं बिल अर्धंच राहायचं.

माघात तो दुकानात आला. सिंदखेडराजाकडे रोपं पोचवायला आला होता म्हणे. त्याचा छोटा टेम्पो, आमच्याकडे म्हणतात तो छोटा हत्ती, बाहेर उभा होता आणि हा काउंटरसमोर.

“काय पाहिजे?” मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं. बाबा मागेच बसले होते.

“जॉइंट पाहिजे एक.”

“कोणता?”

“तुमच्याकडे कोणता हाये?”

“सगळे आहेत. टी आहे, एल्बो आहे, कपलर आहे. कितीचा? पाऊण इंची? एक इंची?”

“तुमी द्याल तो.”

“पाइप कितीचा आहे तुमचा?”

“...पाइप घरी हाये.”

मागून बाबा खोकले. मी एक एल्बो काढून काउंटरवर ठेवला. त्यानं तो असा उचलला, जसं काही मी त्याला फूल दिलंय. निघताना दारात वळला. “पिहूबाई कुठं हाये?”

“शाळेत.”

“बरं.” मग जरा थांबून, “तिले सांगा... आईले पाह्यलं म्हणून.”

त्यानंतर पिहूला ताप भरला. साधाच होता, पण मी दोन आठवडे कार्डाकडे वळले नाही. थर्मामीटर आणि मी. उत्तर नाही म्हणून त्यानं तक्रार केली नाही, विचारलंही नाही. फक्त एकेक कार्ड येत राहिलं. पहिल्यावर पेनानं काढलेलं मिरचीचं उगवलेलं बी, नुसता वाकडा देठ. पुढच्यावर दोन पानं. मग चार. मग एक पांढरं फूल. पिहूनं ती ओळीनं भिंतीला लावली आणि ताप उतरला त्या दिवशी लाल मिरची आली. त्या रांगेकडे पाहताना मला वाटलं, हा माणूस वाट बघू शकतो. घाई न करता, हिशेब न मागता.

आणि आषाढात ते कार्ड आलं.

ओट्यावर बाबा चहा पीत होते, आई तांदूळ पाखडत होती. कडूबाकाकांनी सवयीनं चष्मा चढवला आणि सुरू केलं, “‘प्रतीक्षा, घरी सांगितलं. आई नाही म्हण—’”

काका थांबले. आईचं सूप थांबलं. बाबांचा कप ओठाशीच राहिला.

“हे... पिहूचं नाही,” काका पुटपुटले. “तुमचं हाये, ताई.” आणि कार्ड पालथं करून माझ्या हातात दिलं. पालथं केल्यानं काय होणार होतं? त्यांनी ते वाटेतच वाचलं असतं तर बरं झालं असतं.

‘प्रतीक्षा, घरी सांगितलं. आई नाही म्हणते. लेकरू असलेली बाई नको, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हणालो, लेकरानंच तर आधी माझं कार्ड धरलं. माझं हो आहे. तुमचं काय ते लिहा. नाही असेल तरी लिहा, पण लिहा. – सागर.’

गंभीर झाला की सागर शाळेतली भाषा लिहितो. त्या शुद्ध ओळी मी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

मी लिहीना. एक दिवस, दुसरा दिवस... आठवडा. आईनं एका दुपारी माझ्यासमोर बसकण मारली.

“काऊन लिवत नाहीस?”

“आई, उद्या नाही जमलं तर? मी सहन करीन गं. पण पिहूनं एकदा घर सोडलंय. तिला कळत नव्हतं तेव्हा. आता कळतं.”

“नाही जमलं तर परत येशील. हे दार कुठं चाललं का?” आईनं माझी हनुवटी वर केली. “नवऱ्याची फारकत झाली तुही. पण भीतीसंगं संसार करून राह्यली तू, तिची फारकत कधी घेणार?”

त्या संध्याकाळी मी कार्ड घेतलं. वर त्याचा पत्ता. खाली मधोमध एकच शब्द: ‘हो.’ कार्डावर एवढी जागा मी आयुष्यात कधी रिकामी सोडली नव्हती.

सकाळी मी पिनकोड तपासला, नाव तपासलं, कोपरेही सहज दिसले, चारी जागेवर होते. “मी टाकते शाळेजवळच्या डब्यात,” पिहू म्हणाली. मी दिलं. त्या आठवड्यात कडूबाकाका लेकीकडे गेले होते. त्यांच्या जागी एक नवा पोरगा डबा उघडत होता. त्याला कोपऱ्याबिपऱ्याचं काय ठाऊक?

आणि पिहूनं वाटेत काय केलं? सागरकाकाला सगळ्यात किमती कार्ड मिळावं म्हणून तिनं त्याचा एक कोपरा नीट फाडला आणि मग कार्ड डब्यात टाकलं.

तिकडे धामणगावात काय झालं, ते मला नंतर सागरच्या आईनंच, सत्यभामाबाईंनी, सांगितलं. सागर रोपांना पाणी देत होता. पोस्टमननं फाटकातून हाक मारली, “काकू, दुसरबीडचं कार्ड!” त्या घ्यायला गेल्या आणि बोटांना कोपरा लागलाच नाही. त्यांनी खाली पाहिलं. मग एक अक्षर न वाचता, उंबऱ्याच्या बाहेरच, त्यांनी कार्डाचे तुकडे तुकडे केले आणि तडक न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. त्यांच्या सासूनं त्यांना तसंच शिकवलं होतं.

सागर आला तर आई ओल्या केसांनी ओसरीवर बसलेली.

“दुसरबीडहून कोपरा गेलेलं कार्ड आलं, बापू.”

“कोण?... आई, कोण गेलं?”

“मी नाही वाचलं.”

त्यानं नालीतून तुकडे गोळा केले. न्हाणीच्या पाण्यात शाई विरघळून गेली होती. नंबर त्याच्याकडे नव्हताच. दुकानाच्या पाटीचा फोटो कुठून तरी शोधून त्यावरचा नंबर त्यानं लावला. पण सोमवार, दुकान बंद, फोन आत वाजत राहिला. कोणी उचलेना. पिहूच्या तापाचं त्याला आठवलं. माझंही काय काय आठवलं असेल. त्यानं गाडीची चावी घेतली.

“थांब,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मीबी येते.”

“तू? तू तर तिले नको म्हणत होती.”

“म्हणत होती. ते जित्या माणसाले म्हणत होती. आता काय भांडण?” आणि डोक्यावर पदर घेऊन त्या गाडीत जाऊन बसल्या. राजूर घाट लागला तेव्हापासून त्यांना रडू आवरेना, असं सागर सांगतो.

इकडे मला यातलं काहीच माहीत नाही. सोमवारचं दुपारचं ऊन, मधूनच श्रावणाची एखादी सर. अंगणातल्या दगडावर पिहूला बसवून मी तिच्या डोक्याला शांपू लावत होते. मनात तेच... अजून उत्तर नाही, म्हणजे त्याचं मन फिरलं. बरंच झालं. नाही, बरं नाही झालं...

फाटकाशी गाडी थांबली. पदर पुढं ओढलेली एक बाई उतरली आणि गल्लीभर हंबरडा फुटला.

“अवं माह्ये माय वं... तोंडबी नाही पाह्यलं वं तुह्यं! अन् मी नाही म्हणून बसली वं, अशी कशी गेली वं...!”

समोरच्या घरांची दारं उघडली. गच्च्यांवर माणसं आली. माझ्या हातातला मग तसाच राहिला.

“आई, डोळ्यात गेलं!” पिहू ओरडली.

तेवढ्यात मला तो दिसला. गाडीच्या दाराला धरून उभा. चेहरा पांढरा. त्यानं फेसानं भरलेल्या पिहूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, परत पिहूकडे... आणि तिथंच, ओल्या मातीत, मटकन खाली बसला.

“सागर?” मी म्हणाले. इतक्या दिवसांत त्याचं नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं होतं.

बाईंचा आवाज चढता चढता अडकला. त्यांनी पदर वर केला. “तू कोण व्हय?”

“मी प्रतीक्षा.”

“अन् हे?”

“पिहू.”

त्यांनी आम्हा दोघींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. नाक पुसलं. “मंग मेलं कोण?”

“कोणीच नाही, काकू.”

“तुहे मायबाप?”

“आम्ही पण हाओत,” दारातून बाबा म्हणाले. बनियनवर, हातात पेपर, मागे आई.

“मंग कार्डाचा कोपरा कोणं फाडला?” सत्यभामाबाई कडाडल्या.

“मी!” पिहू दगडावरून टुणकन उतरली. फेस तिच्या नाकावरून ओघळत होता. “सागरकाका, तुमच्याकडे दोनच होते ना? आता तीन झाले!”

सागर हसायला लागला. हसताना रडत होता की रडताना हसत होता, देवाला ठाऊक. “झाले, पिहूबाई. तीन झाले.”

“तीन कुठले?” सत्यभामाबाई म्हणाल्या. “ते तर मी फाडलं.” मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्या माझ्याकडे वळल्या. “अन् त्याच्यात लिवलं काय होतं?”

गच्च्यांवरची माणसं कठड्यावरून वाकली. पन्हाळीतून पडणारे थेंब तेवढे ऐकू येत होते.

कोणीच वाचलं नव्हतं ते. सागर माझ्याकडे पाहत होता आणि मला कळलं, आता पिहूचं नाव पुढं करता येणार नाही, कार्डाआड लपता येणार नाही. जे लिहिलं ते बोलावं लागणार. या सगळ्यांसमोर. उद्या नाही जमलं तर, ही भीती अजून होतीच, कुठंही गेली नव्हती. फक्त तिच्यापेक्षा मोठं काहीतरी मातीत बसून माझ्याकडे बघत होतं.

“हो,” मी म्हणाले.

“काय?”

“हो... हो लिहिलं होतं.”

“अवं मोठ्यानं सांग! माह्यं रडणं साऱ्या गल्लीनं ऐकलं, हेबी ऐकू दे.”

“हो!” माझा आवाज मलाच नवा वाटला. “मी हो लिहिलं होतं! हो!”

पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पिहूनं कारण न विचारता उड्या मारायला सुरुवात केली. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम भान येऊन ती पुढं झाली. “या ना, विहीणबाई, आत या.”

“थांबा,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मी दुखवट्याले आली होती. तशी आत नाही येत.”

त्या फाटकाबाहेर गेल्या. गाडीतल्या कॅनमधून पाणी घेऊन पाय धुतले, तोंड धुतलं, पदर नीट केला, कपाळावरचं विस्कटलेलं कुंकू सारखं केलं. मग फाटक पुन्हा उघडून, जणू आत्ताच गावाहून उतरल्यासारख्या, आत आल्या. “राम राम, नारायणराव. पोरगी पाह्याले आलो. घरी हाये का?”

बाबा पेपर खाली ठेवायचं विसरूनच हसत होते. “हाये. आत्ताच हो म्हणून राह्यली होती.”

मी वाकून नमस्कार केला. “काकू, पण तुम्ही तर...”

“म्हटलं होतं नाही. लपवत नाही मी. पण तुले पाह्यलं कुठं होतं?” ओट्यावर टेकून त्यांनी पिहूला ओढून मांडीवर घेतलं, फेसासकट. “घाटापासून इथवर तुह्यासाठी रडत आली मी, पोरी. ज्याच्यासाठी इतकं रडलं ते माणूस आपलंच होऊन जाते. आता तुले दुसऱ्याच्या घरी कशी जाऊ देऊ?”

निघताना सागर गाडीशी घोटाळला. मी फाटकापर्यंत गेले. कोणी आम्हाला पाहत नाही असं दाखवत सगळे पाहत होते.

“आता तरी नंबर द्या.”

“पत्ता आहे की तुमच्याजवळ.”

“पत्त्यापायी जीव जाईन माह्या एखाद्या दिवशी.” त्यानं तळहात पुढं केला. “लिवा.”

मी त्याच्या खिशातला पेन काढला आणि त्याच्या तळव्यावर आकडे लिहिले. हात खडबडीत होता, मिरचीच्या रोपांचा वास येणारा. शेवटचा आकडा लिहिते तोच सर आली.

त्यानं झटकन मूठ मिटली आणि ती मूठ छातीशी धरून, एका हातानं स्टिअरिंग फिरवत, तो गेला.

लग्नाचं ठरवताना माझे मामा म्हणाले होते, “दुसरं लग्न आहे पोरीचं, देवळात चार माणसांत उरकून घेऊ.” सत्यभामाबाईंनी त्यांना एकाच वाक्यात गप्प केलं: “काऊन, चोरी करून राह्यलो का आपण?” भर दुपारी लग्न लागलं. बँड होता. मंडपभर मिरचीच्या रोपांच्या कुंड्या होत्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा पिहू आमच्या दोघांच्या मधे उभी होती, एक हात माझ्या शालूला, एक त्याच्या उपरण्याला. मी त्या मंडपात एकदाही गॅसचा विचार केला नाही.

सागरचे कार्डवाले दोस्त कुठून कुठून आले होते. त्यांत बीबीच्या तानुबाई होत्या. एकट्या राहतात, फोन वापरत नाहीत. एसटी बदलत आल्या, जेवल्या, आणि माझ्या कानात म्हणाल्या, “सागरची कार्डं आता तू लिवत जा वं. बाईमाणसाची खबर बाईनं लिवली का गोड लागते.” तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी त्यांचं कार्ड येत होतं. वांगी काय भावानं गेली, कोणाची म्हैस व्याली, गुडघा कसा आहे. मला दुसरं बाळ झालं तेव्हा अंगड्याचं माप विचारलं होतं.

दसऱ्यापासून त्यांचं कार्ड नाही.

मी लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. बाळ मांडीवर आहे, मला निघता येत नाही. सागर रविवारी गाडी घेऊन जाणारच आहे. पण रविवार लांब आहे, आणि धामणगावाहून बीबी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तुम्ही हे वाचताना लोणारकडे असाल, मेहकरकडे असाल, बाजाराला बीबीला जाणार असाल, तर एवढं करा. बाजारातून शाळेकडे जाणाऱ्या बोळीत शेवटचं घर, निळं दार, दारात कढीपत्ता. हाक जरा मोठ्यानं मारा, त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. शेजारी म्हणतील, “असतील आत.” त्यांचं ऐकून परत फिरू नका. दार वाजवा. उघडेपर्यंत वाजवा, आणि तानुबाईंना डोळ्यांनी पाहूनच या.